एक पट्टी मीठ, दोन पट्ट्या साखर

"काका, तुमच्या घरात टेप न लावलेली एक तरी वस्तू आहे का हो?"

प्रश्न माझा नव्हता. ढापणी आणि वकील या माझ्या दोन मैत्रिणींनी तो विचारायची पैज लावली होती. मी विचारला तर ढापणी आठवडाभर माझं दप्तर उचलणार, नाही विचारला तर मी त्या दोघींची. हीच पैज गेल्या वर्षी लागली असती तर मी मुकाट्यानं दोन दप्तरं पाठीवर घेतली असती. तेव्हा मी इतकी हळू बोलायचे की मी वर्गात असूनही बाई माझी गैरहजेरी मांडायच्या. पण यंदा क्रीडादिनाला माइकवर बोलणारी मुलगी आजारी पडली, कुणीतरी मला पुढे ढकललं आणि माझ्या घशातून असा काही आवाज निघाला की मैदानाच्या कडेला झोपलेली कुत्री उठून बसली. तेव्हापासून मी भोंगा. शाळेतही आणि घरीही. भोंगा कुणाला घाबरत नाही हे दाखवायची एकही संधी मी सोडत नव्हते.

मोठेकाकांनी प्रश्न फारच मनावर घेतला. मोठेकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे. ते खुर्चीतून उठले आणि घरभर हात फिरवत निघाले. खुर्चीच्या मोडक्या पायाला टेप होती. बादलीच्या तळाला होती, छत्रीच्या दांड्याला होती, टीव्हीच्या रिमोटला पाठच नव्हती, नुसती टेपच होती. खिडकीच्या तडकलेल्या काचेवर फुलीसारखी लावलेली. वकील मागून एकेक मोजत होती आणि ढापणी तोंड दाबून हसत होती.

शेवटी काका थांबले. "आहे की. हा मी."

मग काहीतरी आठवल्यासारखं करून त्यांनी चप्पल काढली आणि टाच वर करून दाखवली. भेगेवर चंदेरी टेपचा चौकोन बसवलेला होता.

"छे," ते म्हणाले. "मीही सुटलो नाही."

आम्ही तिघी जमिनीवर बसून हसलो. ढापणी पैज हरली आणि वर तिलाच सगळ्यात जास्त हसू आलं.

काकांचा धंदाच तो होता. मोठमोठ्या इमारतींत थंड हवा खेळवायला छताच्या आत पत्र्याचे चौकोनी बोगदे असतात, ते जोडायचे. इस्पितळं, थिएटरं, कचेऱ्या. खाली लोक गार हवेत बसलेले आणि वर काका पोटावर सरपटत. तीस वर्षं. गंमत म्हणजे त्या बोगद्यांच्या सांध्यांना ही टेप चालत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. तिथे वेगळी लागते, पातळ पत्र्यासारखी. ही कापडाची टेप बाकीच्या सगळ्या जगासाठी आहे, असं त्यांचं म्हणणं. जगाचा मोठा भाग त्यांनी स्वतःच्या हातानं चिकटवला होताच. माझ्या सायकलचं फाटलेलं सीट, आईची चाक निखळलेली बॅग, दप्तराचा बंद. बरणीचं झाकण निघत नसलं की कडेला टेप गुंडाळायची, एक शेपूट सोडायचं आणि ते खसकन ओढायचं, झाकण आपसूक फिरतं. स्वेटरवरचे केस काढायला टेप बोटांना उलटी गुंडाळायची. कात्री ते कधीच वापरायचे नाहीत. कडेला नखानं एक खाच, आणि टर्रकन सरळ फाडायचे.

काकू चार वर्षांपूर्वी गेली. ती होती तोवर टेपला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती. तिथली पितळी कडीसुद्धा ती घासून लखलखीत ठेवायची. ती गेली आणि टेप आत शिरली, असं आई म्हणायची. आई काकांकडून परत आली की प्रत्येक वेळी तेच बोलायची, की ती असती तर हे घर असं दिसलं नसतं. ते ऐकून ऐकून माझ्या डोक्यात एक झकास कल्पना आली.

काका दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बँकेत जायचे. निदान आम्हाला तसं सांगायचे. येईपर्यंत दुपार व्हायची. त्या शनिवारी, तुमच्याकडे शांतपणे अभ्यास करायचाय असं सांगून आम्ही तिघी त्यांच्या घरी बसलो. ते कोपऱ्यावरून वळले आणि आम्ही पुस्तकं मिटली. दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता. त्यांना त्यांचं घर काकूच्या वेळेसारखं करून द्यायचं, असा बेत होता.

खुर्ची, बादली, खिडकी यांना आम्ही हात लावला नाही. ती टेप काढली असती तर वस्तूच हातात आली असती. पण काही टेप अशी होती की तिचा उपयोग काय तेच कळेना. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत भिंतीवर कमरेच्या उंचीवर एक लांबलचक पट्टी, मधोमध चिमटीत धरून उभी केल्यासारखी. स्वयंपाकघरातून न्हाणीत उतरायच्या पायरीच्या काठावर जाडजूड थर. गॅसच्या एका बटणावर गोळा. तीन एकसारख्या डब्यांवर पट्ट्या, एकावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. कपाटातल्या दोन छोट्या बाटल्यांना वेटोळी. वकिलीणबाईंनी निकाल दिला की हा निव्वळ चाळा आहे, रिकामपणाचा, आणि आरोपीला माफ करून पुरावा नष्ट करावा.

आम्ही ढापणीच्या घरून केस वाळवायचं यंत्र आणलं होतं. गरम हवा मारली की टेपचा गोंद मऊ पडतो आणि ती सालीसारखी निघते. मागे राहणारा चिकटा तेलाच्या बोळ्यानं पुसायचा. तीन तास लागले. निघालेल्या टेपचा एवढा मोठा गोळा झाला की ढापणीनं त्याला लाथ मारून गोल केला. शेवटी मी डब्यांवर कागदाची लेबलं चिकटवली. मीठ, साखर, तांदूळ. रंगीत पेनांनी, अक्षरांना वेली काढून.

काका आले ते दारातच चपला काढत थांबले. भिंतीला हात लावला. तो हात तसाच भिंतीवरून पुढे सरकवत चार पावलं आले आणि थांबले.

"सगळी काढली का गं?"

मी अभिमानानं सांगितलं की सगळी, एक तुकडासुद्धा ठेवला नाही.

"पायरीवरची पण?"

पायरीवरची तर सगळ्यात चिवट होती, तिला वकिलीणीनं सुरी लावली, हेही मी सांगितलं. ते हं म्हणाले. मग मी त्यांना ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि डबे दाखवले. त्यांनी मिठाचा डबा उचलून अगदी नाकाशी धरला, मान जराशी तिरकी करून बराच वेळ पाहिला.

"अक्षर छान आहे तुझं," ते म्हणाले.

त्यांनी आम्हाला चहा करून दिला. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी घरी येऊन काकांचं घर कसं लखलखीत झालंय ते आईला फुशारकीनं सांगितलं, आणि आईसुद्धा खूश झाली.

सकाळी काका न्हाणीच्या पायरीवर पडले.

शेजारच्यांनी आवाज ऐकला आणि बाबांना फोन केला. खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळात नर्सबाईंनी विचारलं की डोळ्यांत कोणते थेंब घालतात, आणि बाबा म्हणाले, कसले थेंब. तिथून एकेक करत सगळं बाहेर आलं. काचबिंदू. तीन वर्षं झाली. उजव्या डोळ्यानं जवळजवळ काहीच नाही, डाव्यानं नळीतून बघावं तसं मधलं तेवढं. शनिवारची बँक म्हणजे डोळ्यांचं इस्पितळ. तिथल्या डॉक्टरीणबाई काकांना बघायला आल्या आणि बाबांना बाजूला घेऊन म्हणाल्या की डावाही वर्षभर टिकेल असं नाही. बाबा व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले आणि मला म्हणाले, पाणी आण. मी आणलं तर ते प्यायलेच नाहीत, ग्लास हातात धरून बसले.

काकांचे कपडे आणि थेंबांच्या बाटल्या आणायला मला त्यांच्या घरी पाठवलं. कपाट उघडलं. दोन बाटल्या, एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या. एक सकाळची, एक संध्याकाळची. कुठली कुठली ते मला कळेना, कारण वेटोळी मीच सोलून काढली होती.

मी पलंगापाशी गेले आणि डोळे घट्ट मिटले. हात भिंतीला लावला. भिंत गुळगुळीत होती, कुठेच काही सांगत नव्हती. मधेच एका जागी बोटांना चिकट लागलं, तिथे तेलाचा बोळा नीट फिरला नव्हता. मी ते चिकट शोधत शोधत पुढे गेले. टेबलाचा कोपरा मांडीत घुसला. मग चिकट संपलं. मी पाय पुढे टाकला, तिथे जमीन नव्हती, आणि पायरीखाली गुडघ्यावर आपटले. मला फार लागलं नाही. माझं वय पंधरा आहे.

तिथेच बसून रडून घेतलं. मग उठून डब्यांवरची लेबलं फाडली. त्यानं काही होणार नव्हतं, पण वेली बघवत नव्हत्या.

संध्याकाळी आई-बाबा डॉक्टरांशी बोलायला गेले तेव्हा मी काकांच्या खाटेजवळ स्टुलावर बसले. ते छताकडे बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले की या छतात त्यांनीच काम केलंय, बावीस वर्षांपूर्वी, तिसऱ्या जाळीपाशी एक वळण आहे तिथे खांदा अडकतो. मी हं म्हटलं.

"भोंगा वाजत नाहीये. वायर तुटली वाटतं."

"काका, मी टेप काढली म्हणून तुम्ही पडलात."

"पाय चुकला म्हणून पडलो."

मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंत, दारात उभे होतात तेव्हाच. मला जरा तरी रागवायचं होतंत.

"तुम्ही तिघी इतक्या खुशीत होतात," ते म्हणाले. "तुझे हात कोपरापर्यंत तेलानं माखलेले. म्हटलं, उद्या परत लावू. रीळ होतंच घरात."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं, कामाची पद्धत सांगावी तसं. छतात दिवा नेला तरी आपल्याच सावलीत काम होतं, म्हणून तिथे हातांनीच बघायचं असतं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा निदान सांगितलं त्याच दिवशी त्यांनी नवं रीळ विकत घेतलं. भिंतीवरची पट्टी आधी सपाट लावली होती, ती बोटांना लागेना, मग चिमटीत धरून धार काढली. एक पट्टी मीठ, दोन साखर, तीन तांदूळ. गॅसचं जे बटण टेपवालं ते लहान शेगडीचं. रोज दुपारी डोळ्यांवर पंचा बांधून तासभर घरात वावरायचे, चहा करायचे, कपडे वाळत घालायचे. तीन वर्षांत एकदाही पडले नाहीत. बहुतेक सगळं जमलं होतं. फक्त दूध कधी वर येतं ते हाताला कळत नाही, त्यावर अजून काही सुचलेलं नव्हतं.

मी विचारलं, बाबांना का नाही सांगितलं. "सांगितलं असतं तर त्याच दिवशी घेऊन गेला असता," ते म्हणाले.

"आमच्याकडे यायचं नाही का तुम्हाला?"

"तुझा बाबा फार चांगला आहे. मला तहान लागायच्या आधी पाणी आणून देईल." ते पुढे म्हणाले, "माझ्या घरात मला ग्लास सापडतो गं."

मग त्यांनी माझा हात शोधला आणि धरला. म्हणाले, तुझ्या बाबाला मी सांगितलंय, टेप मीच काढायला लावली मुलींना. तू त्यात पडू नकोस. पोरीच्या अंगावर आयुष्यभर एक हाड कशाला. मी काही बोलणार तेवढ्यात बाबा आले, आणि काकांनी हात सोडून दिला.

त्या खोटेपणाचं काय झालं ते मला चार दिवसांनी कळलं. शस्त्रक्रिया नीट झाली होती. आम्ही जेवायला बसलो होतो. बाबा आईला सांगत होते की काकांच्या घरमालकांशी बोलणं झालं, उद्या सकाळी किल्ली द्यायची, सामान हळूहळू हलवता येईल. दादाचा, म्हणजे काकांचा, पलंग इथे खिडकीशी टाकू. आईनं विचारलं, भाऊजींना विचारलंत का. बाबा म्हणाले, विचारायचं काय त्यात. त्यानं स्वतःहून टेप काढायला लावली, म्हणजे त्यालाच कळून चुकलं होतं की आता एकट्यानं होत नाही. तोंडानं बोलला नाही इतकंच.

काका माझ्यासाठी एक वाक्य बोलले होते आणि त्या वाक्यात त्यांचं घर चाललं होतं.

मी सांगितलं. टेप काकांनी काढायला लावली नव्हती. मी काढली, त्यांना न विचारता, ते डोळ्यांच्या इस्पितळात गेले होते तेव्हा. पट्टी, पायरी, डबे, बाटल्या, सगळं सांगितलं. पंचा बांधून चहा करायचे ते सांगितलं. तीन वर्षं पडले नाहीत आणि टेप निघाल्यावर एका दिवसात पडले, हेही.

आईनं पदर तोंडाला लावला. बाबांनी विचारलं,

"मग दादा खोटं का बोलला?"

"माझ्यासाठी."

त्यांनी ताट पुढे सरकवलं. मला वाटलं आता मारतील, पण बाबांनी कधी मारलेलं नाही. ते खालच्या आवाजात म्हणाले की मला रस्ता ओलांडायला दादानं शिकवलं. आता त्याला दिसत नाही, आणि मी त्याला तिथे एकटा सोडू? पुन्हा पडला तर? बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं. ते पुन्हा पडू शकतात. डावा डोळा जाणारच आहे. मी शंभर रिळं आणली तरी तो थांबणार नाही.

"एकटं सोडायचं नाही," मी म्हणाले. "हाड जुळायला सहा आठवडे लागणार आहेत, तोवर ते इथे राहू देत. मग ते त्यांच्या घरी जातील आणि मी तिथे राहायला जाईन. शाळा तिथून तेवढीच लांब आहे. मी ठरवलंय."

आईनं विचारलं, आणि ते तुला नको म्हणाले तर.

"तर शाळेतून सुटल्यावर जाईन आणि अंधार पडायच्या आत परत येईन. तेही नको म्हणाले तर जाणार नाही. पण बाबा, उद्या तुम्ही घरमालकांकडे जायचं नाही. किल्ली मला द्या. मी ती सकाळी इस्पितळात नेऊन काकांच्या हातात देणार आहे. ठेवायची का सोडायची, ते तेच सांगतील."